सोळा नंबरचा संदेश

चौदा नंबरचा संगणक बंद पाडला की त्याचे शेवटचे शब्द कँटीनच्या अनसूयाबाईंच्या तोंडून येत.

"पत्ता सापडत नाही. चौदा नंबर. थांबलो," असं म्हणून त्या हातातली किटली तशीच धरून उभ्या राहत, आणि चौदा नंबर पुन्हा सुरू झाला की उरलेला चहा ओतत.

शर्वाणी खोतने हे वहीत नोंदवलं. खाडीकाठच्या त्या भरती-ओहोटी केंद्रात सोळा संगणक एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांची चाचणी तिच्याकडे होती. संगणक कोसळतो तेव्हा त्याला स्वतःच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. म्हणून जाता जाता काय झालं ते त्याने दुसऱ्या संगणकाला कळवायचं, अशी सोय केली होती. ती चालते का हे बघायला शर्वाणी एकेक संगणक मुद्दाम पाडत होती. ऐकायला ठेवलेल्या संगणकाचा पडदा कोराच राहत होता. संदेश माणसांकडे जात होते.

"पण येतायत ना?" केंद्रप्रमुख दिवेकर सरांनी विचारलं. तीन नंबर त्यांच्याच तोंडून आला होता.

"येतायत सर. अक्षर न् अक्षर."

"मग झालं. संदेश पूर्ण आल्याशिवाय मशीन सुरू करू नका, एवढंच."

केंद्रात माणसं पंधराच होती. अकरा वाजता शर्वाणीने सोळावा पाडला. कुणीच काही बोललं नाही. मग तिचा फोन वाजला. शेजारच्या विमलकाकू होत्या.

"शर्वाणी, घरी ये गो. अप्पा बोलतायत."

अप्पा तिचे वडील. तरीवर नावाडी होते, ऐलकाठावरून हाक मारली की पैलकाठचा माणूस चालता चालता थांबायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

ती पाच मिनिटांत घरी पोचली. अप्पा पडवीत खुर्चीवर बसले होते.

"सोळा नंबर. थांबलो." आवाज त्यांचाच होता, घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. "मला हाक मारली वाचणाऱ्यानं. वाचणाऱ्याला हाक मारली दार उघडणाऱ्यानं."

"अप्पा, मी आलेय."

"दार उघडणाऱ्याला हाक मारली रांग लावणाऱ्यानं."

कोसळलेला संगणक असाच उलटा माग सांगतो, हे शर्वाणीला ठाऊक होतं. कुणी कुणाला कामाला लावलं, ते शेवटापासून सुरुवातीपर्यंत. माग संपला की संदेश संपला. तिने स्टूल ओढलं आणि लिहायला बसली.

दोन वाजता सोळा नंबरवर भरतीचं गणित लावायचं असे. दिवेकर सरांचा फोन आला.

"आला का पूर्ण?"

"अजून येतोय सर."

गणित लागलं नाही, म्हणून भरती आली नाही. पाणी होतं तिथेच राहिलं. होड्या गाळात कलून बसल्या. विमलकाकूंनी अप्पांना पेज भरवली. दोन नावांच्या मध्ये एक चमचा, असं करत वाटी संपली. शर्वाणीच्या दोन वह्या भरल्या. तिला वाटलं, हे असं वर्षभर चाललं तरी आपली हरकत नाही.

चार वाजता दिवेकर सर स्वतः आले.

"कोळी लोक केंद्रात येऊन बसलेत. पाणी अडलंय, शर्वाणी."

"नियम तुमचाच आहे सर."

सर पायरीवर बसले आणि तेही ऐकू लागले.

"घड्याळवाल्याला हाक मारली शर्वाणीनं," अप्पा म्हणाले.

पेन्सिल थांबली. अकरा वाजता बटण तिनेच दाबलं होतं. तिच्याआधी कुणी नव्हतं. सरांनी खिशातून फोन काढला आणि केंद्राचा नंबर लावला.

"हां, सोळा सुरू करा," ते म्हणाले.

"थांबा," शर्वाणी म्हणाली. अप्पांनी श्वास घेतला होता.

"शर्वाणीला हाक मारली..."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. शर्वाणीची पेन्सिल कागदाच्या वर, सरांचा फोन कानाशी, सगळं होतं तिथेच थांबलं. खाली खाडीच्या कडेला एका कोळ्याने वल्हं उचललं होतं. त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता, पडत नव्हता.