गारठ्यात फुगलेला फुगा

“टाकीवरचा फुगा तूच लाव आणि तूच काढ. मधे नवऱ्याला हात लावू देऊ नकोस,” आत्याबाईंनी तिला बजावलं होतं. “भाचा माझा गुणी आहे गं, पण उतावळा. चहा उकळायच्या आधी गाळणं घेऊन उभा राहणाऱ्यातला.”

आत्याबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची सख्खी आत्या. विमानदुरुस्तीच्या कारखान्यात पत्रे जोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. तरी तिने ते हसण्यावारी नेलं. नवऱ्यावर पाळत ठेवायची? शोभतं का ते?

भाड्याच्या शेडमध्ये नवरा चार वर्षं दोन आसनांचं विमान बांधत होता. पंखातल्या पेट्रोलच्या टाक्या मात्र दोघांनी मिळून केल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर फटी बुजवणारं सीलंट आणि त्याला घट्ट करणारी पेस्ट ती दहास एक मोजून कालवायची, तो पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळीवर थापायचा. पुसलेल्या पत्र्याला उघडं बोट लागलं की ती पुन्हा पुसायला लावायची. बोटाच्या तेलकटपणावर सीलंट धरत नाही.

“कॉलेजातली प्रयोगशाळा सासरी घेऊन आलीस,” तो चिडवायचा.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा वाटीतलं सीलंट ताठायला लागलं होतं.

“हे आता चिकटणार नाही, टाकून दे. नवीन कालव,” ती म्हणाली.

“कालवतो गं. तू नीघ, गोटीला पाळणाघरातून आणायचंय ना?”

गोटी म्हणजे त्यांची चार वर्षांची लेक. तिला आणायला ती निघाली.

मग चाचणी आली. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एकाला फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने बेताची हवा भरायची. आठवडाभर फुगा टिकला तर टाकी गळत नाही. भर दुपारी तिने फुग्याच्या पोटाभोवती निळ्या लोकरीचा धागा जेमतेम टेकेल असा बांधला.

रविवारी पेट्रोल भरून इंजिन सुरू करायचं आणि गोटीला शेजारी बसवून धावपट्टीवर एक फेरी मारायची, असं त्याने लेकीला कबूल केलं होतं. तेव्हापासून गोटी पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवूनच जेवत होती. आणि तो रोज घरी येऊन सांगायचा, “फुगा टम्म आहे!”

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये राहिलेला तो चष्मा आणायला ती गेली. बाहेर गारठ्याने बोटं वळत नव्हती. फुगा खरंच टम्म होता. धागा त्याच्या पोटात रुतला होता.

तिला आनंद झाला, पण क्षणभरच. एवढ्या गारठ्यात टाकीतली हवा आकसते. फुगा सैल पडून धागा लोंबायला हवा होता. रुतला, म्हणजे कोणीतरी हवा भरली होती.

तिने बादलीत साबणाचं पाणी केलं आणि रिव्हेटांवरून ब्रश फिरवत गेली. शेवटच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे उठले. फुटले, पुन्हा उठले. गोटी जिथे बसणार होती, तिथून हातभर अंतरावर.

“हवामान बदललं की फुगा कमीजास्त होतोच,” नवरा मागे दारात उभा होता.

“कमी व्हायला हवा होता. किती वेळा भरलीस?”

“अगं, टाचणीच्या टोकाएवढं...”

“किती वेळा?”

“रोज.” त्याने मान खाली घातली. “टाकी उघडायची म्हणजे हे वर्ष गेलं असतं. शेजारचा शिट्टीवाला म्हणाला, सगळेच भरतात. त्यानेही त्याच्या फुग्यात भरली. इतकंसं तर गळतं.”

“पेट्रोलला इतकंसं कळत नाही. त्या दिवशी नवीन सीलंट कालवलं होतंस?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“मग माझा धागा का ठेवलास? काढून टाकायचा!”

“तुझी खात्री पटावी म्हणून.”

ते तिच्या जिव्हारी लागलं. त्याच्या खोट्याला त्याने तिचाच धागा साक्षीला बसवला होता.

तिने आत्याबाईंना फोन केला. “मी सांगितलं होतं” असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. रविवारी इंजिन सुरू झालं नाही. आत्याबाईंनी टाकीची मागची भिंत कापली, शिळा थर खरवडला. नवीन सीलंट तिने मोजलं, तिनेच थापलं. नवरा दिवा धरून उभा राहिला. गोटी रुसून खोक्यावर बसली होती.

टाकी आता धरेल. शेडची किल्ली तिच्याकडे आहे. पण “गॅस बंद केलाय,” असं तो म्हणाला की ती उठते आणि जाऊन बघते.

राहिला शिट्टीवाला. शेजारच्या शेडमधला, शीळ घालत रिव्हेट ठोकणारा उंच माणूस. गेल्या महिन्यात पंख ट्रकवर चढवून तो दुसऱ्या गावी गेला. फोन लागत नाही. त्याला दोन लहान मुलगे आहेत. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात कोणी शीळ घालत विमान बांधत असेल तर त्याने पेट्रोल भरण्याआधी त्याला गाठा. त्याच्या शब्दावर जाऊ नका. साबणाचं पाणी घेऊन जा. आणि त्याच्या बायकोशी बोला. ती हसण्यावारी नेईल. तरी बोला.