नावेत अबोला चालत नाही

माझे दोन्ही भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर शेताचा बांध. माझ्या मंजुश्रीचं लग्न तोंडावर आलं, तरी मोठा सिद्धेश्वर म्हणे, संगमेश येणार असेल तर मी येत नाही. धाकट्या संगमेशचंही तेच. पोरीच्या मागे उभं राहायला सख्खे दोन मामा असून एकही नसणार! दोघांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मला माहेरचा मांजरा नदीवरचा जुना घाट आठवला.

पूल होण्याआधी सगळं गाव याच घाटावरून नावेने पलीकडे जायचं. दगडी पायऱ्या निजामाच्या काळातल्या. नावाड्याच्या घरचा एक दंडक होता: नावेत अबोला चालत नाही. भांडलेली माणसं चढली की नावाडी त्यांना समोरासमोर बसवायचा आणि दोघं बोलेपर्यंत दोर सोडायचा नाही. कुणाला बाजार गाठायचा असे, कुणाला दवाखाना. मग लोक झक मारत बोलायचे. पूल झाला आणि रुसलेल्यांची चांगलीच सोय झाली.

नागप्पा हा शेवटचा नावाडी. आता नाव फक्त मासे धरायला निघते. मी त्याला गाठलं. लग्नाची पहिली पत्रिका पलीकडच्या महादेवाला नावेनेच न्यायचीय, असं सांगून भावांना वेगवेगळं बोलावलं. घाटावर एकमेकांना बघून दोघांची तोंडं आंबट झाली, पण माझ्यासाठी चढले. नागप्पाने त्यांना समोरासमोर बसवलं आणि निवांत बिडी पेटवली.

बिडी संपली तरी सिद्धेश्वरदादा एका काठाकडे आणि संगमेश दुसऱ्या काठाकडे बघत बसला होता. पूल समोरच दिसत होता. पूर्वीच्या लोकांना दुसरी वाट नव्हती, यांना आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी संगमेश उठला.

"अक्का, मी पुलावरून येतो," म्हणाला.

तो उतरायला वळला तशी नाव एका अंगाला कलली. दादाला पोहता येत नाही. त्याने घाबरून संगमेशचा सदरा गच्च धरला. संगमेश तिथेच खाली बसला आणि त्याने दादाचा हात हातात घेतला.

"भिऊ नको, दादा. मी हाय ना."

दादाने मान वर केली. इतक्या वर्षांत त्याने धाकट्याला जवळून पाहिलंच नव्हतं. त्याच्या मनगटावरून बोटं फिरवत तो हळूच म्हणाला, "लई वाळलास रं."

नागप्पाने दोर सोडला.