मी, घाटात उकळलेली जीप

मित्रांनो, अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर धावणारी मी एक जुनी जीप आहे. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतात ते सूर्यभान तात्या. त्यांनी मला घेतलं तेव्हा मी कोरी करकरीत होते. भाताची पोती, शाळेची मुलं, नवरी आणि तिची वरात, साऱ्यांना घेऊन मी घाट चढले नि उतरले.

इंजिन चाललं की तापतंच. कूलंट मिसळलेलं पाणी ती उष्णता उचलून पुढच्या रेडिएटरच्या जाळीत आणतं आणि तिथे वारा त्याला थंड करतो. तात्या रोज सकाळी, मी गार असताना, बॉनेट उघडायचे. पाणी बघायचे, पंख्याचा पट्टा बोटाने दाबायचे, जाळीतला चिखल ब्रशने काढायचे. लोक हसायचे, "तात्या, गाडी हाय का म्हैस?" तात्याही हसायचे.

पुढे तात्यांचे गुडघे गेले. क्लच दाबवेना. किल्ली त्यांच्या पुतण्याकडे, कल्याणकडे आली. त्याचा माझ्यावर फार जीव. त्याने मला लाल रंग दिला, गाण्यांसाठी मोठे स्पीकर बसवले आणि रेडिएटरच्या बरोबर समोर चकचकीत पत्र्याची पाटी लावली. "लई भारी दिसती गाडी!" लोक म्हणाले. मलाही बरं वाटलं. पण वारा अडला. एक रबरी पाइप चिरून गळू लागला, तर कल्याणने त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. कूलंटऐवजी ओढ्याचं गढूळ पाणी ओतलं. पंख्याचा सैल पट्टा किरकिरला की तो गाण्याचा आवाज वाढवायचा.

यंदा भात लावणीच्या दिवसांत वाडीतल्या गोजरबाईंना खाचरात साप चावला. त्यांची सून मनकर्णा धावत कल्याणकडे आली. शेतातल्या तिघांनी म्हातारीला माझ्या मागच्या बाकावर निजवलं आणि तेही मनकर्णाबरोबर चढले. आरोग्य केंद्र घाटापलीकडे होतं.

चढावर इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा लाल रेषेकडे सरकला. मला ओरडून सांगायचं होतं; पण माझ्याकडे बोलायला तेवढा काटाच होता. कल्याणने तो पाहिला. "पोचू, पोचू," म्हणत त्याने रेटलं. माथ्याच्या वळणावर पाइप फुटला, वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडले.

कल्याणने बॉनेट उघडलं आणि तो फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला. मनकर्णाने त्याचं मनगट धरलं.

"उघडू नगं! उकळतंय ते. त्वांड भाजंल."

"मग मावशीला न्यायचं कसं?"

"उचलून. चल!"

त्यांनी माझ्या बाकाची फळी काढली, गोजरबाईंना तिच्यावर साडीने बांधलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. पुढे कल्याण होता. उतारावरून ते धुक्यात दिसेनासे झाले. पेशंटला मी नेत असे. त्या दिवशी माझी फळी तेवढी गेली. मी वळणावर उभी राहिले. वाफ निवली, तरी आत काहीतरी टकटकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कल्याण विल्सन मिस्त्रींना घेऊन आला. काठी टेकत तात्याही आले. त्यांनी एवढंच विचारलं, "गोजर कशी हाय?"

"वाचली," कल्याण म्हणाला. "डॉक्टर म्हनले, थोडा जरी उशीर झाला असता तर..."

तात्यांनी मान हलवली आणि ते पाना घेऊन माझ्या पुढची पाटी सोडवू लागले. कल्याणने तो पाना हळूच आपल्या हातात घेतला.

मित्रांनो, गाडी धुवा, सजवा. पण ती गार असताना कधी बॉनेटही उघडा. जाळीपुढे वारा मोकळा ठेवा. काटा लाल रेषेकडे गेला तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि तापलेल्या झाकणाला हात लावू नका. आमचं दुखणं आम्ही थेंबांनी आणि किरकिरीनेच सांगतो.

दुरुस्त झाल्यावर माझी पहिलीच फेरी गोजरबाईंना घरी आणायची होती. त्या दवाखान्याच्या पायरीवर थबकल्या. माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "आज पोचवतीस का गं, बाई?"

कल्याण खाली मान घालून म्हणाला, "पोचवील, मावशी. आज मी बघून आलोय."

मग त्या पदर सावरून आत बसल्या.