उरलेले दोन भ्रूण

टेस्ट ट्यूब बेबीचा चौथा प्रयत्नही फसला, तेव्हा रुचिरा आणि आल्हादने आता थांबायचं ठरवलं. भिवंडीहून ठाण्याच्या दवाखान्यात खेटे घालून रुचिरा थकली होती.

त्यांचे दोन भ्रूण मात्र अजून तिथे गोठवलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते नष्ट करता येतील, किंवा संशोधनाला देता येतील. त्यांच्या मूळ पेशींपासून किडनी वाढवायचा प्रयत्न चाललाय. जमेलच असं नाही."

आल्हादचे वडील डायलिसिसवर होते. तो लगेच म्हणाला, "देऊ या."

"बाबांना त्याचा उपयोग होणार नाही, आल्हाद."

"दुसऱ्या कुणाला होईल."

रुचिराने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्यांना काही कळतं का हो?"

"नाही. मेंदू, नसा, अजून काहीच तयार झालेलं नसतं."

रुचिराला ते पटलं, पण त्यानं बरं वाटलं नाही. तिने त्यांची नावंसुद्धा ठरवली होती, आल्हादलाही न सांगता. शेवटी ती म्हणाली, "द्या."

परतताना एसटी नारपोलीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकली.

"बरं केलंस," आल्हाद म्हणाला.

"माहीत नाही रे," असं म्हणून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.