पिकअपचं राहिलेलं माप

आमच्या ह्यांनी सगळं मोजलं. चाकावरची पोकळी मोजली, रिमची भोकं मोजली, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं अंतर मोजलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासेल, तेही गुडघ्यावर बसून पाहिलं. तीन आठवडे मोजपट्टी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. माझा पाय तेवढा मोजायचा राहिला.

आमचा शोभेच्या झाडांचा धंदा आहे. हे पिकअप चालवायचे, मी शेजारी बसायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं, भाव ठरवायचा, उन्हातलं झाड कुठलं आणि सावलीतलं कुठलं ते सांगायचं, हे सगळं माझ्याकडे. ह्यांना कुंडी उचलता येते, विकता येत नाही. एकदा एक बाई "फार महाग आहे हो" म्हणाल्या, तर हे म्हणाले, "हो ना!"

बरी चालली होती गाडी. पण ह्यांच्या डोक्यात मोठ्या चाकांचं खूळ शिरलं. कारण काय, तर सिग्नलला नळाच्या पाइपवाल्याची पिकअप शेजारी येऊन उभी राहते, तेव्हा त्याला वरून आमचा टप दिसतो आणि आम्हाला त्याच्या चाकाचे नट दिसतात.

"रोज दुसऱ्याचे नट बघायचे म्हणजे काय!" हे म्हणाले.

"मग समोर बघा. सिग्नल समोर असतो."

शेवटी मीच नमतं घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आमच्या पाकिटाला असतं, म्हणून एक आकडा ठरवून दिला. त्याच्या वर एक पैसा नाही.

टायरवाल्याने नव्या रिम आणि नवे टायर मिळून जो भाव सांगितला, तो ऐकून हे स्टुलावरून उठले आणि परत बसले. मग स्वस्तातले प्रकार सुरू झाले. मोठी रिम आणि त्यावर बारीक टायर घेतला, तर गाडी होती तेवढीच राहणार आणि पहिल्या खड्ड्यात रिम वाकणार. जुन्या रिमवर जाड टायर घातला, तर वळताना मडगार्डला घासणार. ह्यांचा चेहरा उतरत चालला होता. इतक्यात टायरवाल्याने कोपऱ्यातून रिमसकट चार वापरलेले टायर पुढे ढकलले. भोकं जुळत होती, घासत कुठेच नव्हतं, आणि किंमत बरोबर माझ्या आकड्याएवढी.

"अगदी नव्यासारखे आहेत. आधीच्या मालकाने दोनच महिने वापरले."

"मग काढले का?" मी विचारलं.

टायरवाला हवेचं मशीन पुसायला लागला. "घरगुती कारण, वहिनी."

मी तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

चाकं बसली. हे गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. मी माझ्या बाजूचं दार उघडलं, तर गाडीचा तळ माझ्या कमरेशी! एक पाय आत टाकला. दुसरा रस्ता सोडेना. धरायची कडी केव्हाच तुटलेली. ह्यांनी मागून ढकललं, टायरवाल्याने "जोर लावा, जोर लावा" म्हणून धीर दिला, आणि मी सीटवर आडवी पोचले. बाजूला लावायची पायरी मिळते म्हणे. पण तिच्यासाठी पैसे उरले नव्हते.

मग घरातलं लाकडी स्टूल आलं. मी चढले की स्टूल रस्त्यावर राहायचं. हे उतरायचे, स्टूल मागे ठेवायचे, चढायचे. पुढच्या घरी पुन्हा तेच. दिवसाला अकरा घरं. एकदा स्टूल एका शाळेच्या फाटकाशी विसरलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर ह्यांनी मला पोत्यासारखं उतरवून घेतलं. मग मी स्टुलाला दोरी बांधली, वर बसून ओढून घ्यायला. मी ओढायच्या आत ह्यांनी गाडी सोडली. दोन गल्ल्या स्टूल आमच्यामागून खडखडत आलं.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "तू आता घरीच थांब ना. मी पोचवून येत जाईन."

प्रेमानेच म्हणाले, तेच जास्त लागलं. आठ वर्षं ती सीट माझी होती. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. चार चाकांनी मला धंद्यातून उचलून घरात ठेवलं होतं, तेही माझ्याच मंजुरीने.

दोन दिवस घरी बसले. ह्यांनी सावलीतली नेची एका भर उन्हातल्या गच्चीवर विकली आणि कुणी न मागता सवलतही दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे मागे कुंड्या बांधत होते. ऑर्डरची वही ड्रायव्हरच्या सीटवर राहिली होती, ती घ्यायला मी त्या बाजूने गेले. एका हाताने स्टिअरिंग धरलं, पाय ठेवला, आणि पाहते तर वर! स्टूल नाही, धक्का नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उंचीने आम्ही दोघं सारखेच. ह्यांना धरायला स्टिअरिंग होतं, म्हणून हे चढत होते. लायसन तर मीही ह्यांच्याबरोबरच काढलं होतं. गाडी ह्यांनीच चालवायची हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. मी सीट पुढे ओढली.

"तिकडे कुठे बसलीस?" हे म्हणाले.

"उशीर होतोय. बसा पलीकडून."

हे पलीकडे गेले. पाय टाकला, निसटला. सीटबेल्ट धरून ओढला, तर तो सगळाच बाहेर आला. तिसऱ्यांदा पोटावर आत आले. चपला बाहेर हलत होत्या. मी हात दिला, कारण शेवटी नवरा आहे.

दिवसभर मी गाडी चालवली आणि मीच बोलले. अकराच्या अकरा घरं झाली. ह्यांनी अकरा वेळा चढून घाम पुसला. परतताना गुडघे चोळत होते. मग हळूच म्हणाले, "काय म्हणतो, जुनी चाकंच परत बसवून घेऊ या. गाडी फारच उंच झालीय गं."

"छे," मी गिअर टाकत म्हणाले. "राहू द्या. मला फार आवडलीत."