चिकटपट्टी लावलेलं बटण

वहिनी कामावर गेली की हे घर पुन्हा आपलं होतं, असं बाबा गेल्यापासून तिला रोज वाटत होतं. आधी दार ओढल्याचा आवाज, मग फाटकाची कडी, मग स्कूटर. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरला की ती बाबांच्या खोलीत जायची आणि चोरी करायला निघाल्यासारखं दार आतून लोटून घ्यायची.

दोघी एकमेकींना अहो-जाहो करत. वय जवळपास सारखंच; पण लग्नानंतर लगेच वहिनीनं थट्टेनं 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली, हिनं थट्टेनंच 'अहो वहिनी' केलं, आणि थट्टा उडून गेली तरी अहो-जाहो तेवढं उरलं. मनात मात्र ती वहिनीला एकेरीच म्हणायची. मनात ती बरंच काही म्हणायची.

बाबा आधी टाइपरायटर दुरुस्त करत. टाइपरायटर गेले तसे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले, तेही जुने, कुणी हात लावायला तयार नसलेले. खोलीभर उघडी मशीन, वायरींची भेंडोळी, डब्यांमध्ये निवडून ठेवलेले स्क्रू. खिडकीखाली त्यांचं स्वतःचं मशीन, त्याच्यासमोर त्यांची खुर्ची, आणि खुर्चीला लागून एक स्टूल. ते स्टूल वहिनीचं. चष्म्याच्या दुकानातून, लोकांचे डोळे तपासून, ती दुपारी घरी यायची आणि जेवण झालं की त्या स्टुलावर बसायची. हे हिला ठाऊक होतं, कारण दूरच्या गावाहून हिनं दुपारी फोन केला की बाबा म्हणायचे, "अगं, आत्ता आम्ही दोघं एक मशीन उघडून बसलोय. तू ठेव, मी नंतर करतो."

आम्ही दोघं! आई असताना हे शब्द बाबा आईसाठी वापरत.

लहानपणी तिनं पकड हातात घेतली की बाबा म्हणायचे, "तू वाच." तिनं वाचलं. इतकं वाचलं की आता दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हा तिचा धंदा झाला होता. आणि घरात आलेल्या परक्या मुलीच्या हातात मात्र त्यांनी पकड दिली, वायरींना कथलाचा डाग द्यायला शिकवलं. या गोष्टीनं तिच्या पोटात इतकी वर्षं दुखत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. सासऱ्याचं सुनेशी पटतं, यावर रडणारी नणंद लोकांनी कधी पाहिली नसेल.

तिला हवे होते ते फोटो. घरातल्या अल्बमना वाळवी लागली तेव्हा बाबांनी सगळे फोटो स्कॅन करून मशीनमध्ये भरले आणि कुरतडलेले कागद जाळून टाकले. तिचं बाळपण, आईचं तरुणपण, सगळं आता त्या एका डब्यात होतं. स्कॅन करतानाही शेजारी वहिनीच. परवा भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "तुमचा तो दात पडलेला फोटो आहे ना वन्सं, त्यात तुम्ही रागावलेल्या होतात, कारण दात तुमच्या दादांनी पळवला होता." दादा म्हणजे तिचा भाऊ, वहिनीचा नवरा; तो बाबांच्या खोलीत कधी फिरकत नसे. दात कुणी पळवला होता हे ती स्वतः विसरली होती. ते आता वहिनीच्या आठवणींत जमा होतं.

म्हणून तिनं ठरवलं होतं, आपल्या गावी परत जायच्या आधी वहिनीची मदत न घेता ते मशीन सुरू करायचं, फोटो काढून घ्यायचे, आणि एकटीनं बघायचे. फक्त एकदा, एकटीनं.

मशीन सुरू होत नव्हतं.

म्हणजे पंखा फिरायचा, एक बारीक शिट्टी वाजायची, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची. सेटिंग हरवली आहेत, मूळ सेटिंग घेतली आहेत, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. ती दाबायची. मग सिस्टीमचं चिन्ह दिसायचं, आता झालं असं वाटायचं, आणि क्षणभर निळा पडदा चमकून सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंखा, शिट्टी, पांढरी अक्षरं.

तिनं कपाटातून त्या मदरबोर्डचं जुनं माहितीपुस्तक शोधून काढलं आणि मुद्रितं वाचावीत तसं ते पहिल्या पानापासून वाचलं. डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानांवर, शिरायला शिकली. तिथे माऊस चालत नव्हता, बाणांच्या कळांनी खालीवर करावं लागत होतं. तारीख भलत्याच वर्षाची होती, ती दुरुस्त केली. आधी डिस्क बघ, मग बाकीचं बघ, असा क्रम लावला. सेव्ह केलं. निळा पडदा.

शेवटी तिनं चौकातल्या दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं, वहिनी यायच्या आत. तो हेल्मेट काखेत धरूनच आत आला, दोनदा मशीन सुरू करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सिस्टीम गेलीये. फॉरमॅट मारावं लागेल."

"फोटो?"

"फोटो जातील ना. फॉरमॅट म्हटल्यावर."

"मग मला सुरू मशीन घेऊन काय करायचंय? लोणचं घालू त्याचं?"

तो हसला. "दुकानात घेऊन जातो. निघाले फोटो तर काढतो. पण जुनी डिस्क आहे, शब्द देत नाही."

त्यानं मागची वायर काढायला हात घातला तशी ती पुढे झाली. "राहू द्या," ती म्हणाली. "इथून हलवायचं नाही."

"जशी मर्जी. पण आणखी कुणाला दाखवायचं ते लवकर दाखवा. सारखं बंद-चालू करून डिस्क मरेल."

तो गेला. ती बाबांच्या खुर्चीत बसून राहिली. आणखी कुणाला म्हणजे कुणाला, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मशीन मेलं तर मरू दे, पण वहिनीपुढे तोंड वेंगाडायला नको, असंही एकदा मनात येऊन गेलं. आलं, आणि त्या विचाराची तिलाच भीती वाटली. आईचे फोटो होते त्यात.

वहिनी आली, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरली. ती दारात जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाबांचं मशीन सुरू होत नाहीये."

वहिनीनं मागे वळून पाहिलं. "तुम्ही लावलंत?"

"का? लावायचं नव्हतं?"

"तसं नाही हो म्हटलं मी." ती ओले हात पुसत बाबांच्या खोलीत आली, मशीनकडे न जाता थेट टेबलामागच्या भिंतीशी वाकली, आणि तशीच वाकून राहिली. "हे बटण कुणी बंद केलं होतं?"

"मी. रविवारी झाडताना. आता चालू आहे की."

"आणि वरची चिकटपट्टी?"

"काळी, मळलेली? काढली मी. घासून पुसून काढलं बटण. किती कळकट झालं होतं."

वहिनी सरळ झाली. हसू दाबल्यासारखा चेहरा, पण डोळे हसत नव्हते. "अहो वन्सं, त्या बटणाला या घरात कुणी हात लावत नाही. मशीनच्या आत शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो, तो सेटिंग लक्षात ठेवतो. बाबांच्या मशीनमधली सेलची खाच तुटलेली. म्हणून भिंतीवरचं बटण कायम चालू. वीज गेली की बाबा ओरडत बसायचे आणि सगळं परत भरायचे."

"जगाच्या मशीनना नवे सेल, आणि स्वतःच्या मशीनला चिकटपट्टी?"

"मी म्हटलं होतं, बोर्ड बदलू. म्हणाले, मला बदलता का आधी?"

हे अगदी बाबांचंच बोलणं होतं. त्यांचा आवाज तिच्या कानात घुमला, आणि ते वहिनीच्या तोंडून ऐकावं लागलं याचा तिला भयंकर राग आला. या घरात कुणी हात लावत नाही. कामवालीला ठाऊक, दूधवाल्यालासुद्धा ठाऊक असेल. ठाऊक नव्हतं ते पाहुणीला. पाहुणी आली आणि घासून पुसून गेली.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुम्ही कधी विचारलंत?" वहिनी म्हणाली, आणि लगेच, "बसा. बघू या."

ती स्वतः स्टुलावर बसली. खुर्ची रिकामी ठेवली. ही सवयच असणार; पण खुर्चीत बसताना हिला वाटलं, आपल्याला कुणीतरी जागा दिली. आणि तेही आवडलं नाही.

वहिनीची बोटं भराभर चालली. डिलीट, बाण, बाण, एंटर. "तारीख लावलीत की तुम्ही! क्रमही लावलात. वा. मग आता उरलं हे पान." डिस्कचं पान. त्यावर एक ओळ, तिच्यापुढे एएचसीआय. "ही डिस्कशी बोलायची पद्धत. आयडीई म्हणजे जुनी, ही नवी. तिसरी एक आहे, ती आपल्या कामाची नाही. सेटिंग उडालं की हे आपोआप नव्यावर जातं. पण बाबांनी काय ठेवलं होतं…"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही हो. या पानावर आले की बाबा माझा हात बाजूला सारायचे. म्हणायचे, इथे चुकलं तर डिस्क ओळखच देत नाही, हे मी करणार."

तिला एकदम बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. हात बाजूला सारायचे! म्हणजे वहिनीचाही.

वहिनीनं पडद्याकडे बोट दाखवलं आणि चष्म्याच्या दुकानातल्या आवाजात विचारलं, "सांगा, हे बरं दिसतंय, की हे?"

तिला हसू आलं, नको असताना. "पुस्तकात आहे," ती म्हणाली. "अशा जुन्या सिस्टीमला नवी पद्धत येत नाही, वेगळी शिकवावी लागते. बाबांनी शिकवली असेल?"

"बाबा? चिकटपट्टीवर भागवणारा माणूस?"

"मग जुनी."

"चला, लावते."

"थांबा. मी लावते."

वहिनीनं हात उचलून घेतले. तिनं बाण खाली केला, आयडीई निवडलं, सेव्ह केलं. पंखा. शिट्टी. पांढरी अक्षरं आली नाहीत. चिन्ह आलं, राहिलं, त्याखालची पट्टी सरकत राहिली. निळा पडदा आला, पण तो वेगळा होता, शांत, आणि त्यावर आत शिरायला माणसागणिक एक असे दोन चौकोन होते. एकाखाली लिहिलं होतं, 'मी'. दुसऱ्याखाली, 'सूनबाई'.

तिसरा चौकोन नव्हता.

वहिनी घाईघाईनं म्हणाली, "ते माझं आपलं शिकण्यापुरतं हो. मी काही बिघडवलं तर त्यांचं बिघडू नये म्हणून. तुमचंही खातं काढू या? आत्ता होईल."

"नको."

"अहो, एक मिनिटाचं काम."

"त्यांनी काढलं असतं तर गोष्ट वेगळी. आता तुम्ही काढून काय उपयोग?"

वहिनी पडद्याकडेच बघत म्हणाली, "माझे वडील मी शाळेत असताना गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे मला कुणी शेजारी बसवलं, मी बसले. तुमच्या जागेवर बसले असं मला कधी वाटलं नाही. तुमची जागा इथे नव्हतीच. ती फोनवर होती. तुमचा फोन येणार असला की सकाळपासून दहादा घड्याळ बघायचे, आणि आला की दोन वाक्यांत ठेवून द्यायचे. का ते मला विचारू नका. मी विचारलं होतं, मला धड उत्तर मिळालं नाही."

हिनं 'मी'वर क्लिक केलं.

फोटो एका जागी, वर्षांप्रमाणे लावलेले होते. आई होती, विहिरीत डोकावल्यासारखी कॅमेऱ्यात डोकावणारी. दात पडलेली ती स्वतः होती. खरंच रागावलेली. ती एकेक करून पुढे जात होती. वहिनी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. उठून जायला हवं का, हे ठरवत असावी.

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाली. "तुम्ही बघा निवांत."

हेच तर तिला हवं होतं. एकटीनं. वहिनी दारापर्यंत पोचली आणि पुढचा फोटो आला. बाबा तरुण होते, केस कानांवर, मान मागे टाकून हसत होते. असं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या शेजारी एक जाडजूड माणूस डोक्यावर टाइपरायटर घेऊन उभा होता, मुकुट घातल्यासारखा. ती त्या माणसाकडे बघत राहिली. नातेवाइकांमध्ये कुठेच बसेना. आई असती तर तिनं सांगितलं असतं. बाबा असते तर फोन करून विचारलं असतं, आणि त्यांनी दोन वाक्यांत ठेवून दिला असता.

हे माहीत असलेलं जगात आता एकच माणूस होतं आणि ते दाराबाहेर चाललं होतं.

"वहिनी," तिनं हाक मारली. पुढचे शब्द ओठांवर यायला वेळ लागला. "हे कोण?"

वहिनी परत आली, तिच्या खांद्यावरून वाकून तिनं पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. "हे? अहो, यांनीच तर तुमचं नाव ठेवलं!"

नाव आईनं ठेवलं, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. पोटात पुन्हा तीच कळ उठली, जुनी, ओळखीची. तिनं ती उठू दिली.

"पुढे सांगा," ती म्हणाली.