सेंट ॲनला दिलेला गोल

सेलस केलोवेनं तो गोल दिला तेव्हा मैदानावर एवढं धुकं होतं की कडेला उभ्या दीडशे माणसांतल्या एकालाही चेंडू दिसला नव्हता. दिसला तो दोघांनाच. एक सेलसला, कारण तो पंच होता आणि चेंडूमागे धावत खांबापाशी पोचला होता. दुसरा लिआंडर स्ट्रँगला, कारण तो गोलकीपर होता आणि रेषेच्या हातभर आत गेलेला चेंडू त्यानंच पालथं पडून बाहेर ओढला होता.

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर धुक्यासाठी सामना थांबवायची पद्धत नाही. सुरुवातीला पंचानं मधोमध उभं राहायचं, दोन्हीकडचे गोल दिसले की शिट्टी वाजवायची. एकदा वाजली की मग समुद्र मैदानात आला तरी नव्वद मिनिटं खेळायचं. त्या जूनच्या रविवारी दोन्ही गोल दिसले होते. अर्ध्या तासात स्वतःचे बूटही दिसेनात.

सेलसनं शिट्टी वाजवून मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल. कॉर्बेट कोव्ह शून्य, सेंट ॲन एक. सामना तसाच संपला.

आता यातली मेख अशी, की सेलस कॉर्बेट कोव्ह गावचाच. जन्म तिथला, खाणीतली नोकरी तिथली, बायको ब्राइड तिथली, आणि गोलकीपर लिआंडर हा ब्राइडचा सख्खा भाऊ. त्या दिवशी पंच देण्याची पाळी लॉग हार्बर या तिसऱ्या गावाची होती, पण त्यांचा माणूस तापानं पडला, आणि परीक्षा पास झालेला दुसरा पंच मैदानावर कोणी नव्हता. सेंट ॲनवाले म्हणाले, सेलस चालेल, तो खोटं बोलत नाही. ही शिफारसच त्याला भोवली.

सोमवारी पहाटे दारात कुजक्या मासळीचा ढीग पडला होता. ब्राइडनं फावड्यानं तो बागेत ओढला आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बटाट्याला खत झालं. देवाचे उपकार."

दुकानात गेला तर पाव संपलेला. फळीवर चार पाव दिसत होते.

"ते काय मग?" सेलसनं विचारलं.

"ते गावच्या माणसांसाठी आहेत," दुकानदारीण म्हणाली. "तू सेंट ॲनला माग ना. तिकडं तुला लोणी लावून देतील."

खाणीत खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्यात तो चढला की बाकीचे उतरायचे. देवळात तर कहर झाला. गायकवृंदात वरच्या पट्टीचा आवाज सेलसचा. त्यानं स्तोत्र उचललं की मागचे अकरा जण तोंडं मिटायचे. देवाच्या दारात एकटा गाणारा माणूस किती उघडा पडतो, हे ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं. पहिल्या रविवारी त्याचा आवाज कापला. दुसऱ्या रविवारीही कापला. पण त्यानं एक कडवं गाळलं नाही. ज्याच्यासाठी गायचं तो तर ऐकत होता.

पंचगिरीही त्यानं सोडली नाही. स्पर्धेत चार गावं. दोन खेळायची, तिसऱ्यानं पंच द्यायचा, न दिला तर दोन गुण कापायचे. गावाच्या ट्रकमध्ये त्याला जागा नव्हती. म्हणून तो पहाटेची प्रार्थना करून चौदा मैल चालत जायचा, सामना चालवायचा आणि चौदा मैल परत यायचा. ट्रक त्याच्या अंगावर चिखल उडवत पुढे जायचा.

"चष्मा कुणी दिला रे, सेंट ॲननं?" वरून कोणीतरी ओरडायचं.

या सगळ्यात त्याला एकच हवं होतं. लिआंडरनं चार लोकांसमोर म्हणावं, की चेंडू आत होता. एवढं एक वाक्य. ते आलं की गावाला कळेल, सेलस विकला गेलेला नाही. जुलैत त्यानं मेव्हण्याला एकदा गाठलंही. लिआंडर जाळं शिवत होता.

"तू पाहिलंस, मी पाहिलं," सेलस म्हणाला.

"मी काय पाहिलं? धुकं पाहिलं," लिआंडर म्हणाला, आणि जाळ्यातून मान वर केली नाही.

ऑगस्ट संपत आला. कॉर्बेट कोव्हचे सामने संपले होते आणि ते सेंट ॲनच्या एका गुणानं पुढे होते. शेवटच्या रविवारी सेंट ॲन विरुद्ध लॉग हार्बर. सेंट ॲन जिंकलं तरच कप त्यांचा; बरोबरी झाली तर गोलांच्या हिशेबानं तो कॉर्बेट कोव्हकडेच राहायचा. आणि पंच द्यायची पाळी कॉर्बेट कोव्हची.

शनिवारी गावच्या संघाचा कप्तान लोयोला पाईक सेलसच्या दारात आला. दोन महिन्यांत पहिलाच.

"उद्या ट्रक नऊला निघतो," तो म्हणाला. "पुढं बस. ड्रायव्हरशेजारी."

"मी येत नाही."

"अरे, दोन गुण कापतील! कप घरात आलेला जाईल!"

"जाऊ दे. लिआंडर सगळ्यांदेखत खरं बोलला तर येईन."

रविवारी सकाळी प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर गाव थांबलं. लोयोलानं लिआंडरला दंडाला धरून पुढं केलं. लिआंडर खाकरला.

"आत होता चेंडू. चांगला हातभर."

सेलसनं लोकांकडे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"झालं?" लोयोला म्हणाला. "चल आता. आम्हाला तर त्याच दिवशी माहीत होतं. ट्रकमध्ये हसत हसत सांगितलं होतं यानं."

सेलसला पायरी सुटल्यासारखं झालं. "माहीत होतं? मग हे दोन महिने..."

"गोल होता म्हणून द्यायचाच असतो का रे? धुकं होतं! देवानं धुकं दिलं होतं!"

शब्द दिला होता म्हणून सेलस ट्रकमध्ये बसला. उतरताना लोयोलानं त्याचा खांदा दाबला. "आज आपल्या कपाचं बघून घे हं."

सेलसनं तो हात झटकून काढला.

त्या दिवशी ऊन लख्ख होतं. एक-एक अशी बरोबरी. चार मिनिटं उरली असताना सेंट ॲनच्या पुढच्या गड्यानं चेंडू जाळ्यात मारला आणि अख्खं सेंट ॲन मैदानात घुसलं. पण चेंडू त्याच्याकडे निघाला तेव्हा त्याच्यापुढे कीपरशिवाय कोणी नव्हतं. तो दोन पावलं ऑफसाइड होता. सेलस त्याच्या बरोबरीला उभा होता. रेषेवरचे पंच ज्या त्या गावचे, त्यांचं निशाण कोणी जमेस धरत नसे. सेलसनं शिट्टी वाजवली आणि हात वर केला. गोल नाही.

मातीची ढेकळं आली, मग दगड. एक कानाला लागला. "चोरा! घरच्यांना कप दिलास!" जूनमध्ये ज्यांनी त्याच्या खरेपणाची ग्वाही दिली होती, त्यांचीच तोंडं पुढे होती. चार मिनिटं त्यानं तशीच पुरी केली, मिनिट कमी केलं नाही.

शेवटची शिट्टी होताच कॉर्बेट कोव्हनं त्याला खांद्यावर उचललं. लिआंडर खाली, लोयोला खाली, दुकानदारीण गळ्यात पडायला पाहतेय. रक्त कानावरून सदऱ्यावर उतरत होतं. लोक ते पुसत होते, गालाचे मुके घेत होते.

"आपलाच आहे शेवटी! आपलं रक्त!"

"खाली ठेवा!" सेलस ओरडला. "ऑफसाइड होता तो!"

गाव खदखदून हसलं.

ट्रक सुटला तसा लोयोला त्याच्या कानाशी वाकला. "आता घरचेच आहोत. खरं सांग."

"दोन पावलं पुढं होता."

"शाब्बास!" लोयोलानं त्याच्या मांडीवर थाप मारली. "कोणी विचारलं तर असंच सांगत राहा."

सेलसनं मान वळवून मागं पाहिलं. चाळीस तोंडं प्रेमानं त्याच्याकडे पाहत होती. दोन महिन्यांत त्यानं यांतल्या एकाचाही द्वेष केला नव्हता. रोज त्यांची नावं घेऊन प्रार्थना केली होती. आज एकेक चेहरा पाहताना त्याच्या ओठावर त्यांतलं एकही नाव येईना.